वाचणारीचे टेबल, ऐकणारीचे टेबल
(लहान खोलीतील संगणकीय ध्वनिव्यवस्थेचा एक अभ्यास)

द्वितीय वर्ष, कला

आपल्या जिल्ह्यातील नेवासे येथे, प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये म्हणजे इ. स. १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्ञानेश्वर खांबाला टेकून सांगत आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत, असे परंपरा सांगते. म्हणजे मराठीतला हा थोर ग्रंथ आधी कानांनी ऐकला गेला आणि मग अक्षरांत उतरला. गेले वर्षभर मी याच्या उलट दिशेचे एक लहानसे काम करीत आहे. छापलेले पुस्तक मोठ्याने वाचायचे, तो आवाज संगणकात साठवायचा आणि माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या हाती द्यायचा. तिला जन्मापासून दिसत नाही. त्या थोरांशी तुलना करण्याचा विचार स्वप्नातही नाही. परंतु सांगणारा, ऐकणारा आणि मध्ये ते जपून ठेवणारे साधन हे तिन्ही नीट जुळल्याशिवाय ग्रंथ पोचत नाही, एवढे मला या कामात कळले. ते कसे कळले, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी असल्याने शास्त्रीय भागात जेवढे स्वतः करून पाहिले आणि समजले तेवढेच लिहिले आहे.

पहिली चूक

प्रथम वर्षाच्या दुसऱ्या सत्रात इतिहासाच्या पुस्तकातील दोन प्रकरणे मी तिला वाचून देण्याचे कबूल केले. आमच्या घरातील मधल्या खोलीत टेबलावर मोबाईल ठेवला, समोर बसले आणि तीन रात्री जागून चाळीस पाने वाचली. आमच्या घरात महाविद्यालयात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे मी अभ्यासच करते आहे असे समजून आईने कोणाला खोलीत येऊ दिले नाही. सारे कसे छान जमले असे मला वाटले. परीक्षेला पंधरा दिवस उरले होते.

दोन दिवसांनी ती भेटली. तिने आधी आभार मानले आणि मग म्हणाली, "राग मानू नकोस हं. तू वाचतेस ते कळतं, पण तू विहिरीत बसून वाचतेस असं वाटतं. आणि वेग वाढवला की काहीच लागत नाही."

वेग वाढवायचा कशाला, हे मला ठाऊक नव्हते. तिने सांगितले, की मोठ्याने वाचलेले पुस्तक मूळ वेगात ऐकायचे तर चारशे पानांना पंधरा-सोळा तास लागतात. डोळस विद्यार्थी नजर फिरवून जे अर्ध्या तासात उजळतो त्याला तिला सारी दुपार जाते. म्हणून ती दीडपट, सवयीचा आवाज असेल तर दुप्पट वेगाने ऐकते. माझ्या चाळीस पानांचा तिला त्या परीक्षेत फारसा उपयोग झाला नाही. तिने ते प्रकरण दुसऱ्या कोणाकडून घाईने वाचून घेतले. माझ्या तीन रात्री वाया गेल्या याचे दुःख थोडे. तिचे दोन दिवस वाया गेले याचे अधिक. तेथून माझा हा अभ्यास सुरू झाला.

आधी खोली

चूक मोबाईलची असावी असे मला वाटले. 'कमवा व शिका' योजनेतून मिळालेल्या पैशांतून चांगला माईक घ्यावा, असे मनात होते. पण महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ध्वनिशास्त्रावरील एक पुस्तक मिळाले आणि त्यात वॉलेस सॅबिन यांची हकीकत वाचली.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह तयार झाले होते. दिसायला उत्तम, पण तेथे बोललेले कोणालाच कळेना. एकदा उच्चारलेला आवाज विरून जायला सुमारे साडेपाच सेकंद लागत. तेवढ्यात वक्ता आणखी दहा-बारा शब्द बोलून जाई आणि सारे एकमेकांत मिसळे. यावर उपाय शोधण्याचे काम पदार्थविज्ञानाचे तरुण अध्यापक सॅबिन यांच्यावर आले. त्यांनी शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या या दालनात मांडल्या आणि ऑर्गनची नळी वाजवून तिचा आवाज विरायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून कानाने मोजले. सकाळी गाद्या पुन्हा जागेवर. गाद्या वाढवाव्यात तसा घुमण्याचा काळ कमी होत गेला. त्यातून त्यांनी एक सूत्र बसवले. खोलीचे घनमीटर घ्यावेत, त्यांना ०.१६ ने गुणावे आणि खोलीतील पृष्ठभाग मिळून जेवढा आवाज शोषतात त्या आकड्याने भागावे. उत्तर सेकंदांत येते.

मी आमच्या खोलीचे गणित मांडले. खोली १० फूट बाय १२ फूट, उंची १० फूट. म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. भिंतींना सिमेंटचा गिलावा, खाली फरशी, वर स्लॅब. भिंती, जमीन, छत मिळून ६३ चौरस मीटर पृष्ठभाग; पण असा कठीण पृष्ठभाग पडलेल्या आवाजाचा शंभरातला दोन-तीन भागच शोषतो. खाट, अंथरूण आणि मी स्वतः धरूनही शोषणाचा आकडा ढोबळमानाने ३ च्या वर जाईना. ०.१६ गुणिले ३४ भागिले ३, म्हणजे जवळजवळ १.८ सेकंद. माझे प्रत्येक अक्षर पुढच्या पाच-सहा अक्षरांवर सांडत होते. मैत्रिणीने 'विहीर' म्हटले ते अगदी बरोबर होते, आणि कितीही महाग माईक आणला असता तरी त्याने ती विहीरच अधिक स्वच्छ टिपली असती.

सॅबिनना गाद्या लागल्या. आमच्याकडे गोधड्या होत्या. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे सात-आठ थर देऊन आजीने शिवलेल्या. त्यांतल्या चार मी दोरीवर टांगल्या: एक पाठीमागे, दोन बाजूंना, एक समोरच्या भिंतीवर. गोधडी भिंतीला चिकटवून न टांगता चार बोटे पुढे टांगावी. मागे हवेची पोकळी राहिली की ती आवाज अधिक शोषते. चार गोधड्यांचे मिळून १२ चौरस मीटर कापड झाले. शोषणाचा आकडा ३ वरून ८ च्या आसपास गेला आणि घुमण्याचा काळ पाऊण सेकंदाच्या आत आला. खर्च शून्य. टाळी वाजवून पाहिली तर तिचा कोरडा 'टप्' एवढाच आवाज आला. आजी म्हणाली, "अगं, थंडी नाही तर गोधड्या कशाला काढल्यास?" तिला सांगितले, "आवाजाला पांघरायला."

मग माईक आणि संगणक

माईकबाबत पहिला नियम अंतराचा. तोंडापासून माईक हातभर लांब असेल आणि तो वितीवर आणला, तर अंतर सुमारे निम्मे होते आणि तोंडाकडून थेट येणाऱ्या आवाजाची तीव्रता चौपट होते. खोलीत घुमणारा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून माईक एक वीत अंतरावर ठेवावा. तो तोंडाच्या अगदी समोर नको, थोडा बाजूला असावा. नाहीतर प, फ, ब, भ यांच्या उच्चारात सुटणारी हवा त्यावर आदळून धप् धप् असा आवाज येतो. तारेच्या कड्यावर पातळ रुमाल ताणून मध्ये धरला तरी हे पुष्कळ थांबते.

माईक सरळ संगणकाच्या यूएसबी खाचेत बसणारा घेतला. आवाज म्हणजे हवेतील लहर; माईक तिचे विजेच्या लहरीत रूपांतर करतो आणि त्यातील मंडल त्या लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकडे संगणकाला देते. एवढ्या वेळा का? माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि लहर पुरी पकडायची तर तिच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते. प्रत्येक मोजमाप १६ अंकी द्विमान संख्येत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदवले जाते. असे एक तासाचे वाचन सुमारे ३१७ मेगाबाइट जागा घेते. मूळ प्रत तशीच ठेवून मैत्रिणीला द्यायची प्रत ६४ किलोबिट दराच्या एमपी३ मध्ये केली की तासाला २९ मेगाबाइटच लागतात आणि एका माणसाच्या वाचनाला ती पुरेशी होते.

ध्वनिमुद्रणासाठी 'ऑडॅसिटी' ही आज्ञावली वापरते. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक माझोनी व रॉजर डॅनेनबर्ग यांनी ती सुरू केली आणि २००० सालापासून ती सर्वांना मोफत मिळते. तिच्यात आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी असते. सर्वांत मोठा शब्दही शून्याखाली सहा डेसिबलपर्यंतच जावा, अशी पातळी लावावी. शून्याला टेकून कापला गेलेला आवाज पुन्हा नीट जोडता येत नाही. हळू झालेला आवाज मात्र वाढवता येतो.

अनुभवाने कळलेल्या आणखी काही गोष्टी अशा:

१. लॅपटॉप चार्जरला लावलेला असताना बारीक घूं असा आवाज येई. खेड्यातील घरांत अर्थिंग धड नसते, त्याचा हा परिणाम. चार्जर काढून बॅटरीवर चालवले की तो थांबतो. त्यामुळे वीज गेली तरी आता माझे काम अडत नाही.

२. पंखा बंद करावा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

३. वेळ पहाटे चारची. दिवसा पिठाची गिरणी, आणि गळीत हंगामात तर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून रात्री उशिरापर्यंत जातात. गोधडी खोलीतला घुमारा शोषते. बाहेरचा ट्रॅक्टर ती अडवू शकत नाही.

४. सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसून ती शांतता मुद्रित करावी. त्या नमुन्यावरून संगणक मागची खरखर ओळखून कमी करतो. पण हा उपाय बेताने करावा. जास्त केला की माणूस पाण्याखाली बोलतो आहे असे वाटते.

५. वाचताना चूक झाली की मी थांबत नाही. एक टाळी वाजवते आणि ते वाक्य पुन्हा वाचते. पडद्यावर टाळीची उभी रेघ लांबून दिसते. नंतर तेवढा भाग कापणे सोपे जाते.

वाचणे हाही व्यवस्थेचाच भाग

यंत्र नीट झाल्यावर राहिला माझा उच्चार. आमच्या घरात 'पाणी'ला 'पानी' म्हणतात आणि मीही म्हणत असे. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. ती आमच्या घरची बोली आहे आणि तिची मला लाज नाही. पण जी मुलगी शब्द केवळ कानांनी शिकते तिच्यासाठी माझा उच्चार हेच शुद्धलेखन. भूगोलाच्या एका उताऱ्यात मी 'कोण' आणि 'कोन' दोन्ही सारखेच वाचले होते. तिने फोन करून विचारले, "इथे प्रश्न विचारलाय की आकृती काढलीय?" त्या दिवसापासून मी रोज दहा मिनिटे ण आणि न, श आणि स असलेले शब्द मोठ्याने वाचते. स्वतःचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकणे पहिल्यांदा नको वाटे. आता ते आरशात पाहण्यासारखे सवयीचे झाले आहे.

प्रत्येक भागाच्या आरंभी पुस्तकाचे नाव, प्रकरण व पृष्ठ सांगावे. पान उलटले की नव्या पानाचा क्रमांक उच्चारावा, म्हणजे वर्गात सर "पान बेचाळीस काढा" म्हणाले की तिलाही ते पान सापडते. तळटीप आली की "तळटीप" असे म्हणून वाचावी आणि "तळटीप समाप्त" म्हणावे. कोष्टक ओळीने वाचावे. एका धारिकेत एकच प्रकरण ठेवून नावाच्या आधी ०१, ०२ असे क्रमांक घालावेत. जगभर अंधांच्या पुस्तकांसाठी 'डेझी' नावाची पद्धत रूढ आहे. तीत प्रकरण, पान, वाक्य अशा पायऱ्यांनी पुस्तकात हिंडता येते. माझी पद्धत त्याची अगदी साधी नक्कल आहे.

ऐकणारीचे टेबल

येथवर वाचणारीचे टेबल झाले. पण ध्वनिव्यवस्थेचे दुसरे टोक ऐकणारीकडे असते, आणि तिकडे मी बरेच दिवस पाहिलेच नव्हते. मैत्रीण नगरला मामांकडे राहते. एका रविवारी तिच्या खोलीवर गेले. तिचा संगणक हे तिचे लिहिण्यावाचण्याचे सारे टेबल, आणि त्या टेबलाचा पडदा म्हणजे आवाज. 'एनव्हीडीए' ही मोफत आज्ञावली पडद्यावरचा मजकूर तिला बोलून दाखवते. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली ती लिहायला घेतली. युनिकोडमधील मराठी ती वाचते. जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर मात्र तिला निरर्थक चिन्हांसारखा दिसतो आणि पानाचे नुसते छायाचित्र असेल तर त्यात तिला अक्षरच सापडत नाही. छायाचित्रातील अक्षरे ओळखणारी साधने आता पुष्कळ सुधारली आहेत. तरी जुन्या छपाईत जोडाक्षरांपाशी ती अडखळतात. म्हणूनच माणसाच्या वाचनाची गरज उरली आहे.

तिचे दोन लहान स्पीकर भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेले होते. कोनाड्यात आणि कोपऱ्यात जाड, खालच्या पट्टीचा आवाज फुगतो आणि व्यंजने दबतात. क, त, स, श यांतील फरक वरच्या पट्टीत, विशेषतः २,००० कंपनांच्या पुढे असतो. वेगाने ऐकताना नेमका तोच हवा असतो. आम्ही स्पीकर टेबलावर, भिंतीपासून हातभर पुढे आणले. खाली एकेक वीट ठेवून ते कानाच्या पातळीला घेतले आणि विटेवर जाड कापडाची घडी घातली, म्हणजे टेबलाचा पत्रा थरथरत नाही. दोन स्पीकरांतले अंतर आणि स्पीकरपासून कानाचे अंतर सारखे ठेवले. समोरच्या भिंतीला एक गोधडी, अर्थात आजीचीच.

बिनतारी स्पीकर घ्यावा असे तिच्या मामांच्या मनात होते. तिने तो नको म्हटले. बिनतारी स्पीकरला आवाज किंचित उशिरा पोचतो. गाण्याला ते चालते. पण कळ दाबल्यावर अक्षर उशिरा बोलले गेले तर टंकलेखनाचा ताल मोडतो. शिवाय मध्ये शांतता झाली की असा स्पीकर झोपी जातो आणि पुढचे पहिले अक्षर गिळतो. म्हणून तारेचाच स्पीकर, आणि तोही लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारा, म्हणजे वीज गेली तरी बोलणारा.

हेडफोन का नाही, असेही मी विचारले. ती म्हणाली, "दोन्ही कान झाकले तर दार वाजलेलं, मामी आलेली मला कळणार कसं? तू डोळ्यांवर पट्टी बांधून अभ्यास करशील का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो. जिचे सारे शिक्षण कानांवर आहे तिने तर ही मर्यादा आणखी काटेकोर पाळायला हवी. खोली कोरडी असली की कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येते, हा गोधडीचा दुसरा फायदा.

दोन स्पीकरांचा आणखी एक उपयोग तिनेच दाखवला. २०२४ पासून एनव्हीडीएमध्ये अशी सोय आहे, की पडदा वाचणारा आवाज एका बाजूला आणि बाकी सारा आवाज दुसऱ्या बाजूला लावता येतो. डावीकडून यंत्र बोलते, उजवीकडून मी वाचते आणि मध्ये बसून ती टिपणे काढते.

हे करण्याची मुभा आहे काय?

पुस्तक असे मुद्रित करून देणे चोरी तर नव्हे, अशी शंका मला आली होती. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात, तिच्या वैयक्तिक वा शैक्षणिक उपयोगासाठी पुस्तक करून देण्याची मुभा त्या दुरुस्तीने दिली आहे. याच हेतूने २०१३ साली माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला पहिली मान्यता देणारा देश भारत होता. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे अशा पुस्तकांचे संगणकीय ग्रंथालयही चालू आहे. कायदा आहे, ग्रंथालय आहे. पण आपल्या अभ्यासक्रमातले नेमके पुस्तक, नेमक्या सत्रात, तेथे मिळेलच असे नाही. ते कोणीतरी बसून वाचावे लागते.

शेवटी

या वर्षी मी तिला तीन पुस्तके पूर्ण वाचून दिली. पहिले प्रकरण दिल्यावर तिचा निरोप आला: "दुप्पट वेगात लागलं." या कामात मला मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी. सारा खर्च एका माईकचा. बाकी गोधड्या, विटा, रुमाल आणि पहाटेची वेळ. माझ्यासारखीच चूक इतरांकडून होऊ नये म्हणून क्रम पुन्हा सांगते: आधी ऐकणाऱ्याला विचारावे, मग खोली पाहावी, मग अंतर मोजावे आणि यंत्राचा विचार सर्वांत शेवटी करावा. मी हा क्रम उलटा धरला आणि त्याची किंमत दुसरीने मोजली.

आपल्या ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात असे एक टेबल मांडता आले आणि आठवड्यातून अर्धा तास वाचणारे दहा विद्यार्थी मिळाले, तर पुढच्या वर्षी येणाऱ्या कोणा विद्यार्थ्याला परीक्षेच्या तोंडावर वाचणारा शोधत फिरावे लागणार नाही. ज्यांना यावेसे वाटते त्यांनी आपल्या घरच्या एका गोधडीसह यावे.

हा लेख देण्यापूर्वी मी तो वाचून, मुद्रित करून मैत्रिणीला ऐकवला. तिने दोन ठिकाणी माझा 'ण' सुधारला आणि तिच्या जिद्दीचे कौतुक करणारा एक परिच्छेद काढून टाकायला सांगितले. तो काढला आहे.